डिकीतला अंधार

वाटूर फाट्यावरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या जुन्या कॉन्टेसाच्या डिकीत धूळ शिरायची, म्हणून तो झाकणाच्या कडेने नवं रबर बसवत होता. घरचे रोज म्हणायचे, गाडी भंगारात द्या. मिस्त्री अंगठ्याने दाबत बोटबोटभर पुढे सरकायला लागला, तसा मीही वैतागलो.

"चाचा, जरा ओढून लावा ना, जल्दी होईल."

"ओढून लावलेलं रबर उन्हात आखडतं, मंग फट पडते," मान वर न करता तो म्हणाला.

रबर बसल्यावर तो गुडघे पोटाशी घेऊन डिकीत आडवा झाला आणि मला झाकण लावायला सांगितलं. भर दुपारी आतून आवाज आला, "कोपऱ्यातून उजेड येऊन राह्यला. खोला!"

"रेघभर असेल. चालतंय की."

"तुम्हाला चालंल. मला न्हाई चालत."

त्याने अख्खं रबर उपसून पुन्हा बसवलं आणि पुन्हा आत झोपला. या वेळी बराच वेळ आवाजच नाही. घाबरून मी झाकण उघडलं, तर तो खवळला.

"कशाला खोललं? आत्ता कुठं बराबर अंधार झाल्ता!"

आता कुणी भंगाराचं नाव काढलं, की मी डिकी उघडतो. म्हणतो, आधी आत झोपून बघा, मग बोला.