एकाच पायाची पावलं

टिटवाळ्याला सातव्या मजल्यावर राहायला आल्यापासून सासूबाईंची एकच तक्रार होती. इथे गौरी येत नाहीत. म्हणजे आम्ही आणायचो. मुखवटे तेच, साड्या नव्या, नैवेद्याला सोळा भाज्या. पण ठाण्याला खोपटच्या चाळीत ती आल्याचं जसं कळायचं तसं इथे कळत नाही, असं त्या म्हणायच्या. देव लिफ्टने वर येतात का, अशी शंका त्यांना खरोखरच होती. मी हसायचे आणि त्यांना ते मुळीच आवडायचं नाही.

आमच्यात दुसरं भांडण होतं ते पायांवरून. सासूबाईंना पंधरा-सोळा वर्षांचा डायबिटीस. त्यांच्या थोरल्या बहिणीलाही होता आणि तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. सुरुवात झाली ती नख काढताना झालेल्या एवढ्याशा जखमेने. त्यानंतर दोन वर्षं त्या मावशी चाळीतल्या खाटेवर बसून असायच्या आणि नसलेल्या पावलाला खाज येते म्हणून रिकामी चादर खाजवायच्या. सासूबाईंनी ते रोज पाहिलेलं. त्यामुळे आमच्या घरात साखर, गोळ्या, पथ्य यावर हवं तेवढं भांडता यायचं, पण पायाचा विषय काढला की त्या उठून आत जायच्या.

त्यांच्या पायांना आधी मुंग्या यायच्या. रात्रभर तळवे चोळत बसायच्या. मग एका वर्षी मुंग्या बंद झाल्या. आम्हाला वाटलं, गोळ्या लागू पडल्या. मी तर ऑफिसात सगळ्यांना सांगून मोकळी झाले. कल्याणच्या डॉक्टरांनी मात्र त्यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला नायलॉनचा एक जाडसर दोरा टेकवून विचारलं, "लागतंय का?"

"अहो, टेकवा तरी आधी," सासूबाई म्हणाल्या.

दोरा तेव्हा टेकलेला होता. चांगला वाकला होता. मी समोर उभी राहून बघत होते. मुंग्या ज्या नसांना कळायच्या त्या नसाच कामातून गेल्या होत्या. रोज संध्याकाळी दोन्ही तळवे नीट बघायचे आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. नंतर लिफ्टमध्ये सासूबाई हळूच म्हणाल्या, "खाली जमीन आहे ते मला बघूनच कळतं गं. नाहीतर कापसावर चालल्यासारखं वाटतं."

हे त्या एकदाच बोलल्या. तळवे त्यांनी कधी दाखवले नाहीत. सुनेने पायाला हात लावायचा तो नमस्कारापुरता, असं त्यांचं म्हणणं. घरात घालायला मी मऊ तळाच्या चपला आणल्या, त्या दाराबाहेरच्या रॅकमध्ये गेल्या. त्या वर्षी गौरी बसायच्या दिवशी सकाळी मी त्या चपला आत आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या. माझा आवाज चढला होता, हे कबूल करते.

"देवासमोर चपला घालून मिरवू?" त्या म्हणाल्या. "आज? आजच्या दिवशी? म्हणूनच ती या घरात पाऊल ठेवत नाही."

मला ते लागलं. मी चपला उचलून परत बाहेर नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी ओल्या कुंकवात मूठ बुडवून मी दारापासून पावलं काढली. मूठ आडवी टेकवायची आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे. पांढऱ्या टाइल्सवर ती लहान मुलीच्या पावलांसारखी दिसतात. गौरी आत आल्या. साड्या नेसवून झाल्या. धाकट्या गौरीच्या हातात हिरवा चुडा चढवताना एक बांगडी वाढली. मी झाडलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं आणि सगळं घर आडवं झालं. नवरा आतल्या खोलीत घोरत होता. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर पायांवर चादर ओढून झोपल्या होत्या. कितीही उकडत असलं तरी त्या पाय झाकूनच झोपत. चारच्या सुमाराला मी चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले.

जमिनीवर जास्तीची पावलं होती.

माझ्या मुठीची पावलं बाहेरून आत आली होती. ही स्वयंपाकघरातून निघून गौरींपर्यंत गेली होती. तिथे घोटाळली होती. मग गॅलरीच्या दारापर्यंत आणि तिथून परत. माझ्या पावलांपेक्षा मोठी, बाईमाणसाच्या मापाची. प्रत्येक पाऊल अर्धंच होतं, टाचेशिवाय, अंगठ्याखाली गडद. आणि सगळी पावलं उजव्या पायाची होती. डावं पाऊल शोधत मी वाकून वाकून दोन खोल्या फिरले, पण एकही सापडलं नाही. कोणीतरी एकाच पायावर माझ्या घरातून फिरून गेलं होतं. वर पंखा चालू होता, त्याच्या वाऱ्याने धाकट्या गौरीचा पदर हलत होता, आणि माझी पाठ त्या दोघींकडे वळवायची हिंमत होईना.

आता जे सांगायचं आहे ते मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. मी डोंबिवलीला मानपाड्याजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करते. दिवसभर दोन लाल पट्ट्या शेजारी धरायच्या आणि एकीत पिवळी झाक आहे की निळी ते ओळखायचं. वीस वर्षं तेच करते आहे. आमचं कुंकू नारिंगीकडे झुकणारं. ही पावलं तशी नव्हती. ते मला पहिल्या नजरेत दिसलं. तेवढ्यात सासूबाई जाग्या झाल्या.

त्यांनी चष्मा लावला. जमिनीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता, सासरे होते तेव्हासुद्धा नाही.

"आली गं," त्या म्हणाल्या. "इथेसुद्धा आली."

मी चहाचं आधण ठेवलं. आदल्या सकाळच्या त्यांच्या बोलण्याने मी आतून जळत होते आणि आता जणू मला कोणीतरी माफ केलं होतं. कुंकवाचा नवा पुडा फोडला असेल, ओलं जास्त झालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नाही, तरी सांगितलं.

सहाला हळदीकुंकवाला बायका आल्या. सासूबाई सगळ्यांना पावलं दाखवत हिंडत होत्या, आणि त्या हिंडत होत्या तशी पावलं वाढत होती. गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं. माझ्या येत होतं का? मी त्यांच्या साडीच्या काठाकडे बघायचं टाळत होते, एवढं आठवतं.

"काकू, हे तर साक्षात आहे हो!" समोरच्या फ्लॅटमधली बाई म्हणाली. "मी व्हिडिओ काढू? ग्रुपवर टाकते."

मग ती वाकली. एका ओल्या पावलाला बोट लावलं आणि ते बोट कपाळाला टेकवलं. तिच्या मागोमाग आणखी दोघींनी. तीन कपाळांवर तो लाल ठिपका होता आणि मी हातात अत्तरदाणी घेऊन उभी होते. मी पुढच्या बाईच्या हाताला अत्तर लावलं.

गौरींची पाठवणी होईपर्यंत पावलं पुसायची नसतात. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात मी बघितलं. माझ्या मुठीची पावलं लालच होती. दुसरी काळपट तपकिरी झाली होती आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती, खऱ्या मुंग्यांची. कुंकू रात्रीतून तपकिरी होत नाही.

सासूबाई दिवाणावर बसल्या होत्या. मी काही न विचारता त्यांची चादर ओढली. मरून रंगाच्या त्या चादरीचा एक तुकडा वाळून कडक झाला होता. मी जमिनीवर बसले आणि उजवा पाय धरून वर केला. त्या ओरडल्या, पाय ओढायला लागल्या, "अगं सोड, काय करतेस!" पण मी सोडला नाही. अंगठ्याच्या खाली मांस फुगून आलं होतं आणि त्यात परवाच्या बांगडीची हिरवी काच रुतलेली होती. जवळजवळ दीड दिवस त्या तिच्यावर चालल्या होत्या. चालून चालून जखम दुसऱ्या दिवशी उघडली असणार, आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असल्याने रक्त थांबत नव्हतं. त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं.

"आधी पाठवणी होऊ दे," त्या म्हणाल्या. त्यांचं अंग तापलं होतं.

"गौरी पुढच्या वर्षी परत येतील, आई. पाय गेला तर यायचा नाही." मी त्यांच्यावर पहिल्यांदाच एवढी ओरडले.

कल्याणच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, जखम कधीची? सासूबाई पटकन म्हणाल्या, "आज सकाळीच लागलं असेल."

"परवा संध्याकाळची असणार," मी म्हणाले. "काल दुपारपासून रक्त दिसत होतं."

सासूबाईंनी मान वळवली. "दिसत होतं? तुला?"

मी हो म्हणाले. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. सलाइन लावून झालं, नवरा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे काल ती आलीच नव्हती."

काच सांध्यापर्यंत गेली होती. साखर चढलेली, पू झालेला, इंजेक्शनं चालू. दहाव्या दिवशी अंगठा काढला. पाय वाचला. एक दिवस आधी आणलं असतं तर अंगठाही वाचला असता का, असं मी डॉक्टरांना पॅसेजमध्ये गाठून विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. मला त्यांनी हो किंवा नाही काहीतरी म्हणायला हवं होतं.

आता सासूबाई चपला घालतात. देव्हाऱ्यासमोरसुद्धा घालतात. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की दिवाणावर बसतात आणि आपण होऊन दोन्ही पाय माझ्या मांडीवर ठेवतात. मी मोबाइलचा टॉर्च लावून तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांत बघते, अंगठ्याच्या जागी जी गुळगुळीत कातडी आली आहे तिच्यावरून बोट फिरवते. त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या असतात. माझा हात कुठे आहे ते त्यांना कळत नाही.

"काय दिसतंय?"

"काही नाही, आई."

"खरं सांग."

"खरंच काही नाही."

मग त्या हात पुढे करतात. मी त्यांच्या हातात आरसा देते. तो पायाखाली धरून, चष्मा सावरत, त्या स्वतः बघतात.