सासूबाईंचा रणगाडा

अमावास्येला मुद्दाम बसून नखं कापणारी बाई आहे मी. भूतबित, संचार, कुणाची सावली... कधी मानलं नाही, आजही मानायचं नाहीये. पण गेल्या महिन्यात आमच्या राहाता गावातल्या घरात, भर दुपारी, सुनेच्या लॅपटॉपवर जे झालं, त्याने मला असा काही वैताग आणलाय की कुणाला तरी सांगितलंच पाहिजे.

मुलं लहान असताना ह्यांनी टीव्ही गेम आणला होता. पिवळी कॅसेट — फुंकर मारायची, बसवायची की सुरू. मुलं शाळेत गेली की मी आणि सासूबाई रणगाड्यांचा गेम खेळायचो. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच! पदर खोचून, रिमोट धरून स्वतःला सेनापती समजायचे. इकडे आमटी करपली तरी सेनापतीला पत्ता नसायचा.

गेम असा — खाली मधोमध आपला किल्ला, भोवती विटांची भिंत. शत्रूच्या रणगाड्यांपासून तो वाचवायचा. आणि सासूबाई सुरुवातीलाच आपल्याच भिंतीची डावी बाजू फोडायच्या. दर वेळी!

"अहो आई, आपलीच भिंत हो!"

"मग? घराला दार नको व्हय? पाव्हनं कुठनं येतील?"

"पाहुणे नाही, शत्रू येईल तिथून!"

"आला तर चहा टाक. वरडती कशाला?"

मग शत्रू यायचा, किल्ला जायचा, आणि करपलेल्या आमटीचा रागही मी त्यांच्यावरच काढायचे.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं आणि धाकट्या दिरांचं घर भिंतीला भिंत लागून. मधे एक दार, तेही सासूबाईंनीच हट्टाने ठेवायला लावलेलं. तर पाण्याच्या मोटारीवरून माझं आणि जाऊबाईंचं जोरात वाजलं, आणि मी ठरवलं — ते दार विटा लावून बंद! विटा अंगणात येऊन पडल्या, गवंडी दुसऱ्या दिवशी येणार होता.

सून म्हणाली, "आई, हे दार बुजवलंत की काकूंचं आणि तुमचं कायमचं तुटेल."

"तुटू दे."

माझं डोकं शांत व्हावं म्हणून तिने लॅपटॉपवर तोच जुना गेम लावून दिला. एम्युलेटर म्हणतात — जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. तोच पिपाणीसारखा आवाज! रिमोट एकच जोडलेला. पण सवयीने मी खेळाडू दोन निवडले. दुसरा रणगाडा नुसता उभा राहील, एवढंच.

तो उभा राहिला नाही. वळला, भिंतीपाशी गेला, डावी बाजू फोडली आणि मग थांबला.

"ए, त्या कीबोर्डला हात लावू नकोस!"

"मी भाजी निवडतेय, आई," पलंगावरून सून म्हणाली.

तिने येऊन पाहिलं. म्हणाली, बग असेल. बंद करून परत लावला — तेच. गेम नव्याने उतरवला — तेच. मग मोबाईलवर घेतला. तिथेही डावी बाजू, बरोबर दाराएवढी! माझं डोकंच फिरलं. "अहो आई, आपलीच भिंत हो!" असं मी स्क्रीनवरच ओरडले... आणि सून माझ्याकडे बघत राहिली.

गवंड्याला फोन करून सांगितलं, येऊ नकोस. घाबरून नाही हं, कंटाळून! त्या बाईपुढे जिवंतपणी कधी माझं चाललं नाही, आता काय चालणार?

तेव्हापासून दुसरा रणगाडा जागचा हलत नाही. सुनेने नेटवर जाणकारांना विचारलं, कुणाकडेच असं झालेलं नाही. का झालं, मलाही ठाऊक नाही. विटा अंगणातच आहेत, मोटारीचं भांडणही जिथल्या तिथे. आणि जाऊबाई? येतात मधल्या दारातून वाट्टेल तेव्हा, माझ्या भांड्यांवरची झाकणं उचलून बघतात, वर नाकही मुरडतात. नुसता वैताग!

हे लिहितेय तर आत्ताही आल्यात. उठते आता... चहा टाकायला हवा.