कापलेला कणा

बाबांचा उजवा हात मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना उगीच माझी दया यायची.

बाबा खाडीकाठी होड्या बांधत. त्यांची शेवटची होडी अर्धी झालेली असताना मालकाने फायबरची बोट घेतली आणि हिचं लाकूड जळणाला विकून टाकलं. चार माणसं कुऱ्हाडी घेऊन तिच्या बरगड्यांवर तुटून पडली. बाबा शेजारी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांनी कण्याचा हातभर तुकडा मागून घेतला. कणा म्हणजे होडीच्या तळाचं मुख्य लाकूड. तो बसवतात त्या दिवशी त्यावर नारळ फोडून हळदकुंकू लावतात आणि मग त्यावर कुणी पाय देत नाही. तो तुकडा आमच्या माळ्यावर गेला. बाबांनी पुन्हा होडी बांधली नाही. हंगामात पावस गावच्या बागांतून आंब्याच्या पेट्या ठोकायला जायला लागले.

दोन हजार साली मी कचेरीत कारकून होतो. रद्दीच्या दुकानात एका मासिकात जर्मनांच्या विमानवाहू जहाजाचे फोटो मिळाले. महायुद्धाच्या धामधुमीत ते पुरं झालंच नाही, एकही विमान त्यावरून उडालं नाही. युद्ध संपल्यावर जिंकणाऱ्यांनी ते भर समुद्रात नेलं, त्यात बॉम्ब ठेवून फोडले, वरून विमानांनी टाकले आणि शेवटी पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, मारून बुडवलं. वाचून डोकंच फिरलं माझं. ते जहाज मला करायचंच होतं, हातभर लांबीचं, जसं अर्धं राहिलं तसं अर्धंच.

आधी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या घेतल्या, पण त्या खिळा लावला की चिरायच्या. मग मी माळ्यावर चढलो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, चांगलं माहीत होतं. होडीच नाही तर कणा कसला, असं स्वतःला बजावलं, तुकडा कापून त्याचा जहाजाला तळ केला आणि कुंकवाचा डाग पॉलिशपेपरने घासून काढला.

बाबा रोज बघायचे, बोलायचे काहीच नाहीत. मला आपलं वाटायचं, आवडतंय त्यांना. एका रविवारी त्यांनी जहाज उलटं केलं आणि तळावरून बोट फिरवलं. मग माळ्यावर जाऊन आले.

"माझा कणा कापलास, मेल्या?"

कुजतच पडला होता, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या कानाखाली काढली, तिशीतल्या माझ्या, तीही बायकोसमोर. दुसरी बसली तेव्हा ओठ फुटला. मग त्यांनी हातोडी उचलली. पहिल्या घावात डेक गेला, दुसऱ्यात मनोरा. तिसऱ्या घावाला कणा उघडा पडलेला दिसला आणि हात वरच्या वर थांबला. तेवढं मला दिसायला हवं होतं. नाही दिसलं, इतका संतापलो होतो मी. तो थांबलेला हात धरला, पिरगाळला आणि त्यांना ढकलून दिलं. ते जांभ्या दगडाच्या पायरीवर मनगटावर पडले. हाडाचा आवाज बायकोलाही ऐकू आला.

दवाखान्यात त्यांनी सांगितलं की पाय घसरला. मी गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं जुळलेलं होतं. हातोडी धरली की गळून पडे. त्या हंगामात ते पावसला गेले नाहीत आणि माझ्याशी बोललेही नाहीत. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, त्या जहाजाचं पुढे काय झालं? मी सगळं सांगितलं, बॉम्ब, पाणतीर, सगळं.

"समुद्रात तरी गेलं ते," ते म्हणाले. "माझी होडी बंबात जळली."

त्यांनी फुटके तुकडे आणायला सांगितले. ते सांगत गेले, मी डिंक लावत गेलो. डेक जोडून झाला, तेव्हा म्हणाले, पुरे, अर्धंच होतं ना ते. मग जहाज उलटं करायला लावलं आणि सुनेकडून हळदकुंकू मागवलं. त्यांनी उजव्या हाताने चिमूट धरायला बघितली, पण बोटं जुळेनात, कुंकू जमिनीवर सांडलं. डावा हात पुढे झाला आणि थांबला.

"तू लाव," ते म्हणाले. "डाव्या हाताने लावत नाहीत."

जिथून घासून काढलं होतं तिथेच मी लावलं.