बिब्ब्याचे तीन डाग

रविवारी दुपारी आई आणि मी वाशिंदच्या माझ्या घरी टीव्हीसमोर वाल सोलत बसलो होतो. सिनेमात हरवलेली मुलगी परत येते आणि तिची आई एका नजरेत तिला ओळखते. माझी आई फिस्सकन हसली. असं नसतं, म्हणाली.

तिला ठाऊक असणारच. तीन वर्षांची असताना मी म्हसा गावच्या जत्रेत हरवले. बाबांनी पोलिसांत खूण लिहून दिली, पोटावर बिब्ब्याचे तीन डाग. आता आमच्या आणि शेजारच्या गावांत पोरांचं पोट दुखलं की एकच म्हातारी बिब्बा लावायची, आणि लावायची ती तीनच ठिकाणी. म्हणजे मुलीला दोन कान आहेत असं सांगण्यातला प्रकार. पाच महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पोलिसांनी एका आश्रमातून मुलगी आणली. केस कापलेले, तोंडातून शब्द नाही, पोटावर तीन डाग. ती मी.

इतर घरांत पोरांना बोहारणीकडून घेतलं म्हणून चिडवतात. आमच्याकडे ताई मला "जत्रेतली" म्हणायची आणि मी तिला चावायची. पण लाड माझेच जास्त. आई दर जत्रेतून ताईला एक डझन बांगड्या आणायची, मला दोन. नवऱ्याने एकदा हल्लीच्या डीएनए तपासणीचं सुचवलं, तर दोन दिवस त्याची आमटी अळणी झाली.

सिनेमा संपला. आयुष्यभर भीतीने न विचारलेलं मी त्या दिवशी विचारलं, तुझी खात्री होती का?

"खात्री कुठली गो," वालाची साल काढत ती म्हणाली. "न्हाऊ घालताना रोज बघायची. मंग भाताची आवणी लागली, चिखलात बघायला टाइम नाय. आवणी सरली तवा तू माझीच व्हतीस."

मला चक्क बरं वाटलं. खात्री नसताना ठेवून घेतलं म्हणजे ठेवूनच घेतलं.

मग दोन डझनांचं काय, मी हसत विचारलं.

"एक तुझा. एक जत्रंत हरवली तिचा, कुठं असली तर. घालनार कोन? तूच."

वाल सोलून झाले, बिरडं छान झालं, ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

यंदा तिचे गुडघे धरले होते, म्हणून जत्रेला मी एकटी गेले. कासाराने किती म्हणून विचारलं. दोन डझन, मी म्हटलं.