सरांच्या संगणकातला काकूंचा आवाज

नागनाथ सरांची आणि माझी पहिली भेट हिंगोलीच्या कॉलेजातल्या संगणक प्रयोगशाळेत झाली. मी हट्टा गावाहून नवाच आलेलो. माझ्या प्रोग्राममधून फायलींची यादी मागवणारी कमांड चालवली, पडद्यावर ‘झाले’ असं छापलं आणि मोठ्या ऐटीत सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "हुकूम सोडला, बराबर. पण ते काय म्हणून राहिलंय, ते कोण ऐकणार?" मग कमांडचं उत्तर प्रोग्रामात कसं पकडायचं, काही बिनसलं तर तिची तक्रार वेगळ्या वाटेने येते, तीही कशी पकडायची, हे त्यांनी शेजारी बसून दाखवलं. त्यांचा चहा तसाच राहिला. पुढे माझी नोकरी याच शिकवणीवर उभी राहिली.

सरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात शिष्याने गुरूंचे गुण सांगावेत अशी रीत आहे. मला मात्र त्यासाठी माझा गुन्हा सांगावा लागतो.

सरांच्या पत्नी सुमनकाकू कॅन्सरने गेल्या. जाण्याआधी त्यांनी सरांसाठी संगणकावर बरंच काही बोलून ठेवलं होतं. वरणाला फोडणी कशी द्यायची, गोधड्या कुठे ठेवल्यात, बीपीची गोळी कधी घ्यायची. "घाई करू नका हो, आधी डाळ शिजू द्या," असं मधेच रागावणंही त्यात होतं. सर रोज ते लावून स्वयंपाक करत.

या रेकॉर्डिंगची दुसऱ्या डिस्कवर रोज नक्कल व्हावी म्हणून मी सरांना एक प्रोग्राम लिहून दिला. त्यातून नकलेची कमांड चालायची. तिच्या तक्रारींनी उगाच पडदा भरेल म्हणून त्या मी सरळ फेकून दिल्या, आणि काहीही झालं तरी ‘नक्कल झाली’ असंच छापलं. दुसरी डिस्क पहिल्या दिवसापासून काहीच उतरवून घेत नव्हती. सरांचा संगणक कायमचा बिघडला, तेव्हा ते कळलं.

सरांनी माझ्या प्रोग्राममधली ती ओळ वाचली. चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मला रडू आवरेना.

"काहून रडून राहिला? चुका व्हतेत माणसाकडून. चल, जेवून जाय."

वरणात मीठ फार पडलं होतं. आम्ही दोघांनी ते तसंच खाल्लं.

पुढे कळलं, तो प्रोग्राम सर दरवर्षी वर्गात चुकीचा नमुना म्हणून दाखवतात. एका मुलीने विचारलं, "सर, कुणी लिवला व्हता हा?"

"मीच," सर म्हणाले.

हे मला सोसवत नाही. म्हणून आज आपणा सर्वांसमोर लिहितो, तो मी लिहिला होता.

सर, आपल्याला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो असं या ग्रंथात सगळेच म्हणतील. मी ते हात जोडून मागतो आहे. काकूंचा तो आवाज आता फक्त आपल्याच आठवणीत उरला आहे. आपण खूप जगा.