सर्व्हर स्टेबल आहे

ग्रुपवरच्या कॉम्प्युटरवाल्यांनो, एक विचारायचंय.

इंदिरानगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी झालीय, की कंपनीने दुरुस्त्या पाठवणंच बंद केलंय. आज सकाळी डॉक्टरांना म्हटलं, नवीन टाकूया.

"स्टेबल आहे ना? मग हात लावू नका."

उद्या तो बसला तर शिव्या मलाच!

तेवढ्यात आयसीयूतल्या पेशंटचा मुलगा आला. येवल्याचा. डॉक्टरांनी त्यालाही त्याच आवाजात सांगितलं, "स्टेबल आहेत."

दुपारी चारला त्याचे वडील गेले. कागद घ्यायला तो माझ्या टेबलापाशी आला.

"सकाळी तर स्टेबल हायेत म्हणले होते ना, साहेब?"

मी खाली बघून प्रिंट दिली. कागद लगेच निघाला. सर्व्हर स्टेबलच आहे.

सांगा, हात लावू की नको?