एकाच दोषाची पाच जॉबकार्डं

ओमानमधल्या निझवाच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. नाव भारदस्त, काम साधं. गिऱ्हाईक गाडीबद्दल काय सांगतं ते ऐकायचं, जॉबकार्डावर इंग्रजीत लिहायचं, त्याची सही घ्यायची आणि कार्ड आत मेकॅनिककडे पाठवायचं. पुण्यात शिकलेल्या माझ्या इंग्रजीचं तिथे फार कौतुक होतं आणि मला त्याचा माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

चाचा आमच्याकडे नवी कोरी पिकअप घेऊन आले तेव्हा तिला जेमतेम दोन महिने झाले होते. निझवाच्या बाजारात त्यांना सगळेच चाचा म्हणत. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले, वीसेक वर्षं ओमानात काढलेले. रोज सकाळी सीबच्या बाजारातून मासळी घ्यायची, बर्फाच्या पेटीत भरायची आणि चढ चढून निझवाला आणून विकायची, हा त्यांचा धंदा. गाडी कागदोपत्री अर्बाबच्या, म्हणजे त्यांच्या ओमानी मालकाच्या नावावर. चालवायचे चाचा आणि झोप उडायची तीही चाचांचीच.

"भाऊ, समाईलच्या पुढं चढाला गाडी जीव सोडते," ते म्हणाले. "पॅडल पुरा दाबलेला, नि ही बैलासारखी बसते. मागून ट्रेलर येतो. मी कलमा म्हणतो."

पहिल्या वेळी मी ते जसंच्या तसं लिहिलं: भरलेली गाडी चढावर अचानक ताकद सोडते. मेकॅनिकने रिकामी गाडी वर्कशॉपसमोरच्या गोल चौकाला दोन फेऱ्या मारून आणली, कॉम्प्युटर लावला, काही सापडलं नाही. मी चाचांना सांगितलं की गाडी ठीक आहे. नऊ दिवसांनी ते परत आले.

मी पेन उचललं तेवढ्यात मॅनेजरने आत बोलावलं. भारतातलाच माणूस, बोलायला गोड. "वही कंप्लेंट फिर मत लिखो," तो म्हणाला. "हर बार नई कंप्लेंट होनी चाहिए." ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी ऑफिसला त्या वर्षांत चांगलेच दात आले होते. नव्या गाडीत तोच दोष दुरुस्तीनंतरही पुन्हा पुन्हा निघाला तर गाडी बदलून द्यावी लागे किंवा पैसे परत करावे लागत. दोष दर वेळी वेगळा असला तर मात्र प्रत्येक किरकोळ, आणि प्रत्येक दुरुस्त झालेला. माझ्या हातातला चहा संपायच्या आत मला सगळं कळलं होतं.

दुसऱ्या कार्डावर मी लिहिलं, इंजिनाचा दिवा लागतो. तिसऱ्यावर, एसी चालू असताना ओढ कमी वाटते. चौथ्यावर, भरलेल्या पेट्रोलच्या दर्जाबद्दल शंका. पाचव्या कार्डावर लिहिलं की ग्राहकाने सर्वसाधारण तपासणीची विनंती केली आहे. अशी विनंती चाचांनी बापजन्मात केली नसती. ते पाचही वेळा काउंटरवर तळहात टेकून तेच वाक्य म्हणाले होते, आणि त्यातल्या चार वेळा मी खाली मान घालून भलतंच लिहीत होतो. लाज वाटायची का? दुसऱ्या वेळी वाटली. चौथ्या वेळी, खरं सांगतो, पेट्रोलचं सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होतो.

चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. गावच्या शाळेत मराठी चौथी झालेले. कार्डाखाली बाळबोध मराठी अक्षरांत सावकाश सही करायचे आणि आपली प्रत घडी घालून खिशात ठेवायचे. "तुमी लिवलंत ना? मग बरोबरच असणार," म्हणायचे. एकदा येताना बांगडे घेऊन आले. बायकोने ते तळले आणि मी चवीने खाल्ले. घशात अडकले वगैरे काही झालं नाही.

पाचव्या दुरुस्तीनंतर चारच दिवसांनी चढावर गाडी पुन्हा बसली. मागचा ट्रेलर ब्रेक मारत एवढ्या जवळ येऊन थांबला की त्याच्या दिव्यांनी चाचांचा आरसा भरून गेला. हे कळल्यावर त्यांचा अर्बाब, सत्तरीचा शांत म्हातारा, स्वतः काठी टेकत त्या सरकारी ऑफिसात गेला आणि तक्रार ठोकून आला. कंपनीला बोलावणं आलं. मॅनेजरने ते माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हारा आदमी है. तुम संभालो."

ऑफिसातला अधिकारी तरुण ओमानी होता. त्याने पाचही कार्डं टेबलावर ओळीने मांडली. "पाँच कार्ड, पाँच दोष," तो सरळ हिंदीत म्हणाला. "एक ही दोष बार बार, वो कहाँ है?"

चाचा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हतीच, सुटल्यासारखं हसू होतं. "सांगा ना भाऊ यांना."

मी म्हणालो की गाडी नीट तपासून बघावी लागेल.

तेव्हाचा नियम असा होता की कंपनीने एनओसी दिली नाही आणि नोकरी गेली, तर दोन वर्षं ओमानात परत कामाला येता येत नसे. बायकोला सहावा महिना होता. भाड्याचं घर, व्हिसा, तिचं हॉस्पिटल, सगळं त्या एका मॅनेजरच्या सहीला लटकलेलं. इकडे आड, तिकडे विहीर असं मी स्वतःला समजावत होतो. खरं तर विहिरीत चाचा होते आणि मी काठावर उभा होतो.

अधिकाऱ्याने तोडगा काढला. गाडी रोजच्यासारखी भरायची, त्याच रस्त्याने आणायची, कंपनीच्या माणसाने शेजारी बसायचं आणि मंगळवारी येऊन काय झालं ते सांगायचं.

मंगळवारी सकाळी सीबच्या बाजारात चाचांनी पेटी काठोकाठ भरली. सुरमई, हमूर, वर बर्फ. मी शेजारच्या सीटवर बसलो आणि पट्टा दोनदा तपासला. फंजापर्यंत चाचा मुलाबाळांबद्दल बोलत होते. पुढे डोंगर जवळ आले. समाईल मागे पडलं. आरशात एक सिमेंटचा टँकर आमच्या मागे लागलेला दिसत होता, त्याच्यामागे आणखी दोन अवजड गाड्या. चाचांचे ओठ हलायला लागले. मी काट्याकडे बघत होतो. काटा खाली यावा असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. आला तर मला तोंड उघडायची गरज नव्हती, गाडीच बोलली असती. आला तर टँकरही होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि एसी तर पूर्ण चालू होता.

चढ सुरू झाला. चाचांनी पॅडल दाबला. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडी वर गेली. एकही गचका नाही. पुढचा चढही गेली. टँकर मागे राहिला. चढ संपून इझकीचा फाटा आला तेव्हा मी पट्ट्यावरची मूठ सोडली. बोटं आखडली होती.

सुंठीवाचून खोकला गेला, असं माझ्या मनात आलं. नोकरी वाचली होती, आणि खोटं बोलायचीही वेळ येणार नव्हती. जे घडलं ते सांगायचं, बस.

ऑफिसच्या दारात चाचांनी गाडी थांबवली. चावी हातात घेऊन तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "माफ करा भाऊ. तुमचा दिस फुकट गेला. माजाच पाय चुकत असंल. वय झालं आता."

पाच वेळा बरोबर बोललेला माणूस माझी माफी मागत होता. त्याला स्वतःच्या पायाचा भरवसा राहिला नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आहे, पण असं फळ आलेलं कधी पाहिलं नव्हतं.

आत अर्बाब आधीच येऊन बसला होता. अधिकाऱ्याने पेन उघडलं. "गाडी रुकी?"

"आज नहीं रुकी," मी म्हणालो. "लेकिन ये पाँचों कंप्लेंट एक ही हैं. इन्होंने पाँच बार एक ही बात बोली. दूसरी बार से मैंने अलग लिखी."

त्याने मान वर केली. मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि हेच लिहून सही करायला सांगितलं. मी लिहिलं. तेव्हा माझं ते नावाजलेलं इंग्रजी तीन ओळींत संपलं. लिहीत असताना चाचांकडे बघायची हिंमत झाली नाही. अर्बाब काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडेच बघत होता.

कंपनीने थोडी खळखळ केली आणि शेवटी चाचांना गाडी बदलून दिली. मला काउंटरवरून उचलून स्पेअर पार्टच्या गोदामात टाकलं, वर्ष संपल्यावर व्हिसा वाढवला नाही. एनओसी मिळाली नाही ती नाहीच. आम्ही पुण्याला परत आलो. मुलगी तोवर सात महिन्यांची झाली होती. परत का आलो असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो की तिथलं हवामान मानवलं नाही.

त्या मंगळवारी मात्र मला वाटलं होतं की बाहेर आल्यावर चाचा हात हातात घेतील. निदान दोन शिव्या तरी घालतील. त्याची मी तयारी केली होती. पार्किंगमध्ये ते गाडीच्या दाराशी उभे होते. पेटीतून बर्फाचं पाणी खाली गळत होतं.

"दुसऱ्या वेळेपासून?" त्यांनी विचारलं.

"हो, चाचा."

त्यांनी मान हलवली. मग शेजारच्या सीटकडे, मी बसून आलो होतो त्या सीटकडे, हात केला.

"मागच्या महिन्यात बायको आलेली, विझिटवर. घरात एकटी कंटाळायची, म्हणून रोज बरोबर न्यायचो. चढाला ती घाबरायची. उतरवा मना, म्हणायची. मी तिला तुमचं कार्ड काढून दाखवायचो. म्हणायचो, आपल्या माणसानं लिवलंय, गाडीत काय नाय."